दिशा देणारे अडथळे

अतिसंवाहक म्हणजे ज्याचा विद्युतरोध शून्यावर येतो असा पदार्थ, ही व्याख्या विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याच्या वहीत असते. ती चुकीची नाही, पण ज्या अतिसंवाहकांच्या जिवावर आज रुग्णालयं आणि प्रयोगशाळा चालतात त्यांच्यासाठी ती अपुरी आहे. या पदार्थांना जोरकस चुंबकीय क्षेत्रात ठेवलं की क्षेत्र त्यांच्या आत शिरतं. ते सरसकट शिरत नाही. बारीक, सुटे भोवरे होऊन शिरतं. हे भोवरे जागचे हलू लागले की गेलेला रोध परत येतो. शून्य रोध टिकवायचा तर भोवरे रोखून धरायला हवेत, आणि ते काम निर्दोष, शुद्ध स्फटिकाला जमत नाही. ते त्याच्यातले दोष करतात.

इथपर्यंतची गोष्ट साठ वर्षं जुनी आहे. मला मांडायचं आहे ते त्याच्या पुढचं. हे दोष एका बाजूला कललेल्या मांडणीत बसवले तर ते भोवऱ्यांना अडवतातच, शिवाय एका दिशेला चालवतात. तेही जोर दोन्ही दिशांना अगदी सारखा लावलेला असताना. गतीला दिशा जोरामुळे मिळते असं आपण धरून चालतो. इथे ती अडथळ्यामुळे मिळते. पण ती फुकट मिळत नाही, आणि ती दिसली म्हणजे काही नवं सापडलंच असंही नाही. या दोन्ही अटींचा विसर पडला की भौतिकशास्त्रात काय होतं हे गेल्या काही वर्षांत चांगलंच दिसलं आहे.

जांबे हे मुळशी तालुक्यातलं, हिंजवडीच्या शेजारचं गाव. मी इथे राहतो, आणि पिंपरी-चिंचवडमधल्या एखाद्या मोठ्या रुग्णालयातलं एमआरआय यंत्र इथून लांब नाही. त्या यंत्राच्या पांढऱ्या आवरणाच्या आत निओबियम आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूच्या तारेची वेटोळी असतात, आणि द्रवरूप हेलियमच्या साहाय्याने ती 4 केल्विनच्या आसपास, म्हणजे उणे 269 अंश सेल्सिअसला, थंड ठेवलेली असतात. एकदा सोडलेला प्रवाह तिथे वर्षानुवर्षं फिरत राहतो. क्षेत्र बहुधा दीड टेस्ला, काही यंत्रांत तीन. दीड टेस्ला क्षेत्र अशा अतिसंवाहकात शिरतं तेव्हा एका चौरस मिलिमीटरमधून सुमारे 72 कोटी भोवरे जातात. दोन शेजारच्या भोवऱ्यांतलं अंतर साधारण 40 नॅनोमीटर. रुग्ण नळीत पडून असतो त्या अर्ध्या तासात यातला एखादा मोठा गट एकदम सरकला, तर तिथे उष्णता निर्माण होते, तार तेवढ्या तुकड्यात अतिसंवाहक राहत नाही, उष्णता वाढत जाते आणि बघता बघता सगळं वेटोळं साध्या धातूसारखं वागू लागतं. हेलियम उकळतं. द्रवाचा वायू होऊन खोलीच्या तापमानाला आला की त्याचं आकारमान सातशे पटींहून जास्त होतं. तो बाहेर काढण्यासाठी या यंत्रांना छतापर्यंत जाड पाइप बसवलेला असतो. भोवऱ्यांची ही हालचाल मोठ्या झुंडीने होऊ नये म्हणून ती तार सलग न ठेवता तांब्याच्या गाभ्यात बारीक तंतूंच्या रूपात ओढतात. जिनिव्हाजवळच्या मोठ्या कणत्वरकाच्या चुंबकांत हे तंतू 6 ते 7 मायक्रॉन जाडीचे आहेत.

भोवरा म्हणजे नेमकं काय, ते पाहू. मधे एक अतिशय बारीक गाभा असतो, तिथे अतिसंवाहकता संपलेली असते. त्या गाभ्याभोवती रोधाविना प्रवाह गोल फिरतो, आणि त्या फिरण्याच्या पोटात चुंबकीय फ्लक्सचा एक ठरलेला वाटा बंद असतो: 2.07 गुणिले दहाचा उणे पंधरावा घात, इतके वेबर. प्रत्येक भोवऱ्याचा वाटा तेवढाच, अर्धा नाही की दीड नाही. हा आकडा इलेक्ट्रॉनच्या विद्युतभारातून आणि प्लांकच्या स्थिरांकातून येतो, पदार्थ कोणता याच्याशी त्याचा संबंध नाही. 1961 मध्ये अमेरिकेत आणि जर्मनीत दोन स्वतंत्र गटांनी तो मोजला.

हे चित्र ज्यांच्यामुळे आपल्यापर्यंत आलं त्यांच्यापैकी एकाचं नाव क्वचितच घेतलं जातं. हाइके कॅमरलिंग ओनेस यांनी 1911 मध्ये लायडनला पाऱ्यात अतिसंवाहकता पाहिली, मेइसनर आणि ओशेनफेल्ड यांनी 1933 मध्ये दाखवलं की अतिसंवाहक चुंबकीय क्षेत्र बाहेर ढकलतो, हे पाठ्यपुस्तकांत येतं. पण काही मिश्रधातूंमध्ये क्षेत्र एका मर्यादेनंतर थोडं थोडं आत शिरतं आणि तरीही अतिसंवाहकता टिकते, हे खारकिवमध्ये नीट प्रयोग करून दाखवणारे लेव्ह शुब्निकोव्ह 1937 मध्ये स्टालिनच्या दडपशाहीत मारले गेले. त्यांच्या मोजमापांचा अर्थ अलेक्सी अब्रिकोसोव्ह यांनी लावला. क्षेत्र भोवऱ्यांच्या सुबक जाळीच्या रूपात आत शिरतं असं त्यांचं गणित सांगत होतं. त्यांचे गुरू लांडाऊ यांना ते पटेना, म्हणून ते काही वर्षं बाजूला पडलं आणि 1957 मध्ये प्रसिद्ध झालं. नोबेल 2003 मध्ये मिळालं. एवढा उशीर का झाला याची कारणं अनेक असतील, पण एक मला ठळक दिसतं. मिश्रधातू म्हणजे 'घाणेरडा' नमुना, त्यात दिसेल ते अशुद्धीचं फळ, मूळ निसर्गनियम शुद्ध धातूतच शोधायचे, ही धारणा त्या काळात पक्की होती. शुब्निकोव्ह यांनी काळजीपूर्वक तयार केलेल्या नमुन्यांतून दाखवलं की हा अशुद्धीचा घोटाळा नसून पदार्थाची वेगळीच अवस्था आहे.

आता जोराकडे येऊ. भोवरे असलेल्या अतिसंवाहकातून विद्युतप्रवाह सोडला की प्रत्येक भोवऱ्यावर प्रवाहाला काटकोनात जोर पडतो. अडवायला काही नसेल तर सगळी जाळी आडवी वाहू लागते. वाहता भोवरा प्रवाहाच्या दिशेने व्होल्टेज निर्माण करतो, आणि व्होल्टेज आलं म्हणजे ऊर्जा खर्च होऊ लागली. परिपूर्ण शुद्ध अशा दुसऱ्या प्रकारच्या, म्हणजे क्षेत्राला भोवऱ्यांच्या रूपात आत घेणाऱ्या, अतिसंवाहकाला जोरकस क्षेत्रात ठेवून थोडासा प्रवाह सोडला तरी तो तापेल. तार म्हणून तो निरुपयोगी.

मदतीला येतो तो दोष. भोवऱ्याच्या गाभ्यात अतिसंवाहकता मोडलेली असते आणि ती मोडायला ऊर्जा लागते. जिथे ती आधीच मोडलेली किंवा दुबळी आहे, एखादा साध्या धातूचा कण, एखादं छिद्र, स्फटिकातली चीर, तिथे गाभा जाऊन बसला की ती ऊर्जा वाचते. म्हणून भोवरा दोषात रुततो. निओबियम-टायटॅनियमची तार बनवताना तिला पुन्हा पुन्हा ओढतात आणि मधे मधे ठरावीक तापमानाला तापवतात, ते याचसाठी. त्यातून टायटॅनियमचे अतिसूक्ष्म कण वेगळे होऊन तारेभर पसरतात. त्यांची जाडी आणि त्यांच्यातलं अंतर भोवऱ्यांच्या मापाशी जुळलं की तार जास्तीत जास्त प्रवाह पेलते. पदार्थ तोच, पण एका कारखान्याची तार दुसऱ्याच्या दुप्पट प्रवाह वाहून नेऊ शकते, कारण प्रवाहाची कमाल मर्यादा ही दोषांच्या मांडणीवर ठरते. अतिसंवाहकता ज्या तापमानाखाली येते ते निसर्ग देतो. प्रवाहाची मर्यादा कारागीर ठरवतो.

महाराष्ट्राचा या विषयाशी संबंध इथे येतो, आणि तो जुना, भक्कम आहे. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, 1994 साली यिट्रियम, निकेल, बोरॉन आणि कार्बन यांच्या संयुगात सुमारे 12 केल्विनला अतिसंवाहकता सापडली. आर. नागराजन, चंदन मजुमदार, एल. सी. गुप्ता आदींच्या त्या शोधात आयआयटी मुंबईचे आणि फ्रान्समधले सहकारीही होते. निकेलसारखं चुंबकीय मूलद्रव्य असूनही हे घडत होतं. पुढे याच कुटुंबातल्या संयुगांमध्ये भोवऱ्यांची जाळी षट्कोनी न राहता चौकोनी होते असंही दिसलं. त्याच संस्थेत नव्वदच्या दशकात निओबियम डायसेलेनाइडच्या स्फटिकांवर ए. के. ग्रोव्हर, एस. रामकृष्णन, शोबो भट्टाचार्य आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी भोवऱ्यांच्या वागण्याचा कसून अभ्यास केला. त्यातली एक घटना सांगण्यासारखी आहे. क्षेत्र किंवा तापमान वाढवत नेलं की पदार्थाची प्रवाह पेलण्याची ताकद कमी होत जाते, हे अपेक्षितच. पण अतिसंवाहकता संपण्याच्या जरा आधी ती ताकद अचानक वर उसळते. कारण असं की जाळी ताठ असताना ती एकसंध राहते, तिला सगळ्या दोषांशी जुळवून घेता येत नाही. ती मऊ पडली, विस्कटली, की एकेक भोवरा आपापल्या जवळच्या दोषात जाऊन बसतो आणि सगळ्यांची मिळून पकड घट्ट होते. सुव्यवस्था मोडते आणि पकड वाढते. हे वाचून ज्याला काही वाटत नाही त्याने भौतिकशास्त्राच्या वाटेला न गेलेलंच बरं, असं मला मनापासून वाटतं.

पुढे प्रताप रायचौधुरी यांच्या गटाने तिथेच निरपेक्ष शून्याजवळच्या थंडीत आणि तीव्र क्षेत्रात चालणारा स्कॅनिंग टनेलिंग सूक्ष्मदर्शक उभारला आणि एकेका भोवऱ्याची जागा चित्रित केली. मॉलिब्डेनम-जर्मेनियमच्या अस्फटिक पातळ थरात भोवऱ्यांची जाळी एकदम वितळत नाही, मधे हेक्सॅटिक नावाची एक द्रव अवस्था येते, हे त्यांनी 2019 मध्ये दाखवलं. त्या अवस्थेत भोवऱ्यांच्या जागा हलत्या असतात, पण शेजाऱ्यांच्या दिशा अजून जुळलेल्या असतात. एकापाठोपाठ एक काढलेल्या चित्रांत भोवरे सावकाश सरकताना दिसतात. सैद्धांतिकांनी सत्तरच्या दशकात मांडलेली कल्पना मुंबईत डोळ्यांनी पाहता आली, याचा मराठी वर्तमानपत्रांतून जेवढा गाजावाजा व्हायला हवा होता तेवढा झाला नाही.

आता दिशा देणाऱ्या अडथळ्यांकडे. त्यांचं साधं रूप म्हणजे रॅचेट, आणि ते यंत्र आपल्या सगळ्यांच्या परिचयाचं आहे. सायकलचं फ्री-व्हील उघडून पाहा. बाहेरच्या कड्याच्या आतल्या बाजूला दाते असतात, एका अंगाने तिरपे, दुसऱ्या अंगाने उभे. आतल्या भागावर दोन छोटे खटके असतात. दुरुस्तीवाले त्यांना कुत्रे म्हणतात. एक बारीक तारेची स्प्रिंग त्यांना बाहेर दाबून धरते. पॅडल मारलं की उभा दाता कुत्र्याला अडतो आणि चाक फिरतं. पॅडल थांबवलं की कुत्रे तिरप्या अंगावरून घसरत जातात आणि टकटक ऐकू येते. जुनं ग्रीस घट्ट झालं की कुत्रे आतच चिकटून बसतात आणि पॅडल दोन्हीकडे मोकळं फिरतं. त्या टकटकीकडे लक्ष द्या. दात्यावरून पडताना स्प्रिंगमध्ये साठलेली ऊर्जा प्रत्येक वेळी आवाज आणि उष्णता होऊन निघून जाते. ती गेली नसती तर कुत्रा उसळून पुन्हा वर आला असता, उडत राहिला असता, आणि नेमक्या वेळी दात्यात अडकला नसता. एकदिश गतीची ती किंमत आहे.

ही किंमत टाळता येईल का, हा प्रश्न मारियन स्मोलुखोव्स्की यांनी 1912 मध्ये विचारला आणि रिचर्ड फाइनमन यांनी 1962 च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या आपल्या व्याख्यानांत तो सविस्तर उलगडला. अणूच्या मापाचं दातेरी चाक घ्या, त्याच्या दांड्याला पाती लावा, पाती वायूत ठेवा. वायूचे रेणू पात्यांवर चहूबाजूंनी आदळतात. चाक पुढे ढकललं गेलं तर सरकेल, मागे ढकललं गेलं तर खटका अडवेल. मग नुसत्या उष्णतेच्या धडपडीतून चाक पुढे फिरत राहील, वजन उचलेल, आणि ऊष्मागतिकीचा दुसरा नियम मोडेल. असं होत नाही, कारण खटकाही त्याच तापमानाला आहे. तोही थरथरतो, अधूनमधून आपणहून वर उचलला जातो, आणि नेमक्या त्या वेळी चाक मागे घसरतं. दोन्ही घटना सारख्याच वेळा घडतात, हिशेब शून्यावर येतो. एक बाजू गरम आणि दुसरी थंड ठेवली, म्हणजे बाहेरून ऊर्जेचा ओघ चालू ठेवला, तरच चाक एका दिशेला फिरतं.

यातून दोन प्रश्न हाती लागतात. एकदिश हालचाल दिसली की विचारायचं: विषमता कुठे आहे? आणि ऊर्जा कोण पुरवतंय? दोन्हींची उत्तरं मिळाल्याशिवाय पुढे जायचं नाही. आपल्या शरीरातल्या पेशींमध्ये ओझी वाहणारी रेणूयंत्रं या दोन्ही प्रश्नांची उत्तरं चोख देतात: ती ज्या तंतूंवरून चालतात त्यांची दोन टोकं सारखी नसतात, आणि प्रत्येक पावलाला एटीपीचं इंधन खर्च होतं. टीआयएफआरमध्ये रूप मलिक यांच्या गटाने डायनीन नावाच्या अशा यंत्राचे अनेक रेणू मिळून मोठा जोर कसा लावतात हे मोजलं आहे. भोवऱ्यांचा अभ्यास आणि पेशींचा अभ्यास एकाच संस्थेत होत होता, हे मला फार मोलाचं वाटतं.

भोवऱ्यांकडे परत. 1999 मध्ये ली, यांको, डेरेन्यी आणि बाराबाशी यांनी 'नेचर'मध्ये एक साधी सूचना केली. अतिसंवाहक थरातल्या अडथळ्यांचा उंचसखलपणा करवतीच्या दात्यांसारखा करायचा, एका अंगाने सौम्य चढ, दुसऱ्या अंगाने कडा. मग थरातून एसी प्रवाह सोडायचा. भोवऱ्यांवरचा जोर डावीकडे जितका तितकाच उजवीकडे, सरासरी शून्य. तरी सौम्य बाजूने भोवरे चढून पार होतात, कड्याच्या बाजूने होत नाहीत. काही वेळाने ते सगळे थराच्या एका काठाकडे हाकलले जातात आणि बाहेर पडतात. ऊर्जा एसी प्रवाह पुरवतो, विषमता दाते पुरवतात. प्रवाह बंद केला तर दाते कितीही तिरके असोत, भोवरे कुठेही जाणार नाहीत.

2003 मध्ये माद्रिद इथल्या संशोधकांनी हे प्रत्यक्ष करून पाहिलं. निकेलचे अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास बाजू असलेले त्रिकोण ओळीने मांडले आणि त्यांच्यावर निओबियमचा पातळ थर चढवला. त्रिकोणाला एका दिशेला टोक आहे, दुसऱ्या दिशेला पाया. एसी प्रवाह सोडला आणि डीसी व्होल्टेज मिळालं. भोवरे एका बाजूला चालले होते. मग त्यांनी क्षेत्र वाढवलं. प्रत्येक त्रिकोणात तीनच भोवरे मावत होते. चौथा आला तो त्रिकोणांच्या मधल्या मोकळ्या जागेत राहिला, आणि गंमत म्हणजे तो उलट्या दिशेने चालू लागला. त्याच्यावर त्रिकोणाचा थेट ताबा नव्हता. आत बसलेल्या तीन भोवऱ्यांनी त्याला दूर ढकलून जो उंचसखलपणा तयार केला होता, तो त्रिकोणाच्या नेमका उलटा होता. प्रवाह वाढवत नेला की आधी बाहेरचे, मग आतले भोवरे सुटतात आणि व्होल्टेजचं चिन्ह बदलतं. त्रिकोण जागेवरून हलले नव्हते, त्यांची टोकं त्याच दिशेला होती, तरी दिशा उलटली. म्हणजे दिशा फक्त अडथळ्याच्या आकारात नसते. अडथळा, त्यात आधीच बसलेले आणि बाहेर राहिलेले, या सगळ्यांतून ती ठरते. 'नुसता आकार बघून मी दिशा सांगतो' म्हणणाऱ्याने हा प्रयोग दोनदा वाचावा.

हे सगळं उपयोगाचं कुठे? त्यासाठी आधी पृथ्वीचं स्वतःचं क्षेत्र पाहू. कुलाब्यात 1841 पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची मोजमापं होत होती. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्यांच्या प्रवाहाचा उपद्रव टाळण्यासाठी ते काम 1904 मध्ये अलिबागला हलवलं गेलं. अलिबागला काय किंवा पुण्याला काय, हे क्षेत्र 40 मायक्रोटेस्लाहून थोडं जास्त आहे. होकायंत्राची सुई फिरण्यापुरतं. पण अतिसंवाहक थर या क्षेत्राला आडवा ठेवून थंड केला तर त्याच्या एका चौरस मिलिमीटरमध्ये सुमारे वीस हजार भोवरे अडकू शकतात. एमआरआयच्या तारेला याचं काही वाटत नाही. क्वांटम संगणकाच्या चिपला मात्र वाटतं. क्यूबिट, म्हणजे त्या चिपवरचा माहितीचा मूळ घटक, त्याच्याजवळचा एखादा सैल भोवरा थरथरला तरी ऊर्जा गळते आणि क्यूबिटची अवस्था विस्कटते. म्हणून या चिप चुंबकीय कवचात ठेवतात आणि त्यांच्या थरात मुद्दाम बारीक छिद्रं पाडून भोवऱ्यांना तिथे अडकवून ठेवतात. कललेल्या अडथळ्यांनी त्यांना काठाबाहेर काढणं हा याच कामाचा दुसरा मार्ग, आणि 1999 च्या त्या लेखाचा मूळ हेतूही भोवऱ्यांची संख्या कमी करणं हाच होता.

ऑगस्ट 2024 मध्ये पुण्यातल्या डीआरडीओच्या क्वांटम तंत्रज्ञानाच्या यंग सायंटिस्ट्स लॅबोरेटरीने आणि टीआयएफआरने मिळून सहा क्यूबिटच्या अतिसंवाहक प्रक्रियकाची संपूर्ण चाचणी पार पाडली. चिप टीआयएफआरची, नियंत्रण आणि मापन यंत्रणा पुण्याच्या प्रयोगशाळेने जुळवलेली, आणि टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसचाही त्यात सहभाग होता. राष्ट्रीय क्वांटम मिशनला केंद्राने एप्रिल 2023 मध्ये 6003.65 कोटी रुपयांची मंजुरी दिली, त्यात आठ वर्षांत 50 ते 1000 क्यूबिटचे संगणक बनवण्याचं उद्दिष्ट आहे. सहापासून हजारापर्यंतच्या या प्रवासात बातम्या क्यूबिटच्या आकड्याच्या येतील. मी म्हणतो, आकडा वाढवण्याची क्षमता ठरेल ती थरांच्या गुणवत्तेवर, कडांच्या सफाईवर, अडकलेल्या भोवऱ्यांच्या हिशेबावर. ज्या माणसांनी तीस वर्षं स्फटिकातल्या भोवऱ्यांच्या चुका आणि लहरी मोजल्या, त्यांचं ज्ञान या कामाच्या मुळाशी आहे. ते 'जुनं' म्हणून निधीच्या रांगेत मागे ढकलणं ही मोठी चूक ठरेल. थंडीचं तंत्र, हेलियम परत मिळवण्याची सोय, चांगले नमुने वाढवणारे हात, हे एका मिशनच्या मुदतीत उभं राहत नाही.

आता तो गोंधळ, ज्याचा उल्लेख सुरुवातीला केला. 2020 मध्ये क्योटोच्या तेरुओ ओनो यांच्या गटाने निओबियम, व्हॅनेडियम आणि टँटॅलम यांचे एकावर एक थर रचून दाखवलं की चुंबकीय क्षेत्रात हा पदार्थ एका दिशेने जेवढा प्रवाह रोधाशिवाय वाहून नेतो, तेवढा उलट दिशेने नेत नाही. त्याला अतिसंवाहक डायोड म्हटलं गेलं. स्पष्टीकरण आकर्षक होतं: थरांच्या रचनेत वर-खाली ही सममिती नाही, त्यामुळे इलेक्ट्रॉनच्या जोड्यांनाच एक दिशा प्राप्त होते. त्यानंतर जगभरातून अशा डायोडचे दावे सुरू झाले. पण 2023 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीचे जगदीश मूडेरा आणि सहकाऱ्यांनी साध्या व्हॅनेडियम आणि निओबियमच्या पट्ट्यांमध्ये तसाच, किंबहुना मोठा, परिणाम दाखवला. तिथे विलक्षण जोड्या नव्हत्या. पट्टीच्या दोन कडा एकसारख्या कापल्या गेल्या नव्हत्या, एवढंच. एका कडेतून भोवरे सहज आत शिरत होते, दुसरीतून नाही. अशा कडेवरचा अडथळा बीन आणि लिव्हिंगस्टन यांनी 1964 मध्येच सांगितला होता. एमआयटीच्या गटाच्या लेखाच्या शीर्षकात या परिणामाला सर्वव्यापी म्हटलं आहे.

म्हणून सगळेच डायोडचे दावे फोल आहेत, असं मी म्हणत नाही. दोन अतिसंवाहकांमधल्या अरुंद सांध्यांवरचे काही प्रयोग भोवऱ्यांनी सहज समजावता येणारे नाहीत. क्योटोच्या प्रयोगातही सगळंच कडांचं असेल असं मानायला आधार नाही. माझा आक्षेप क्रमावर आहे. जे कारण 1964 पासून माहीत आहे, जे प्रत्येक नमुन्यात थोडंफार असतंच, ते आधी मोजून बाजूला काढायला हवं. नव्या सिद्धांताची पाळी त्यानंतर. याला काही जण संशयखोरपणा म्हणतात, उत्साह मारणारी वृत्ती म्हणतात. मला तो कामाचा प्रामाणिकपणा वाटतो. 2023 च्या उन्हाळ्यात सोलमधून एका शिशाच्या संयुगाबद्दल खोलीच्या तापमानाला अतिसंवाहकतेचा दावा आला. समाजमाध्यमांवर जल्लोष झाला, आणि काही आठवड्यांत कळलं की रोधातली ती घसरण नमुन्यात मिसळलेल्या तांब्याच्या सल्फाइडमुळे होती. तिथेही आधी अशुद्धीचा हिशेब मांडला असता तर जल्लोषाची वेळ आलीच नसती.

शुब्निकोव्ह यांच्या काळात जे खरोखर नवं होतं ते अशुद्धी म्हणून झटकलं गेलं. आज उलट धोका आहे: जे साधं, कडेच्या ओबडधोबडपणातून आलेलं आहे, ते नवं म्हणून मिरवलं जातं. दोन्हींवरचा उपाय एकच, शुब्निकोव्ह यांनी केला तो: नमुना स्वतः काळजीपूर्वक बनवायचा, दोष एकेक करून ओळखायचा, आणि मगच बोलायचं. पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळांतून येत्या काही वर्षांत एकदिश अतिसंवाहकतेचा एखादा दावा येईल, येवोही. तो आला की विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षकांनी, बातमी लिहिणाऱ्या पत्रकारांनी आणि वाचकांनीही संशोधकांना अभिनंदनाआधी हे विचारावं: पट्टी उलटी करून पाहिली का, दोन्ही कडांची चित्रं घेतली का, आणि कडा पुन्हा कापल्यावर दिशा तीच राहिली का?